न्याय आणि दया, बायबलच्या संदेष्टेवाङ्मयातील

न्याय आणि दया, बायबलच्या संदेष्टेवाङ्मयातील : बायबलच्या जुन्या करारातील संदेष्ट्यांच्या ग्रंथांत वारंवार येणाऱ्या दोन परस्परसंबद्ध कल्पना. ईश्वर अन्यायाचा झाडा घेतो व अपराध्याला दंड करतो, ही पहिली. तोच ईश्वर अपराध्यावर करुणा करून त्याला परत जवळ घेतो, ही दुसरी. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा यहुदी व ख्रिस्ती विचारपरंपरांपुढील एक प्रमुख प्रश्न राहिला आहे. प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. समाजातील अन्यायाविषयी बोलणाऱ्याने शिक्षेची भाषा बोलावी की क्षमेची, आणि क्षमा केल्यास अन्याय सहन केल्यासारखे होते काय, असे त्याचे लौकिक रूप आहे. मराठी वाचकाला तो अपरिचित नाही. संतवाङ्मयातही तो वेगळ्या अंगाने उपस्थित झालेला आहे.

संदेष्टे व त्यांचे ग्रंथ : संदेष्टा यासाठी हिब्रू भाषेत ‘नबी’ हा शब्द आहे. भविष्य सांगणे हे त्याचे गौण कार्य होय. चालू काळाविषयी ईश्वराचा निर्णय लोकांपुढे उघड करणे, हे त्याचे मुख्य कार्य होते. यशया, यिर्मया आणि यहेज्केल यांचे मोठे ग्रंथ व होशेयपासून मलाखीपर्यंतचे बारा लहान ग्रंथ यांचा संदेष्टेवाङ्मयात समावेश होतो. ख्रिस्ती परंपरा दानीएलाचा ग्रंथही त्यांतच गणते. यहुदी परंपरा मात्र त्याला अन्य विभागात ठेवते. या वाङ्मयाचा प्रारंभ इ. स. पू. आठव्या शतकात झाला. इस्राएलचे उत्तरेचे राज्य इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी सत्तेने बुडविले आणि दक्षिणेकडील यहूदाच्या राज्याची राजधानी यरुशलेम ही इ. स. पू. ५८७–५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने उद्ध्वस्त केली. या दोन आघातांच्या आधी दिलेले इशारे, प्रत्यक्ष आघातकाळातील विलाप आणि नंतरचा दिलासा, असे या वाङ्मयाचे स्थूलमानाने तीन थर आहेत.

परिभाषा : मूळ शब्दांचा अर्थविस्तार पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे स्वरूप कळत नाही. ‘मिश्पात’ या शब्दात निवाडा, कायदा आणि दुर्बळाला त्याचा हक्क मिळवून देणे, हे तिन्ही अर्थ आहेत. ‘त्सेदाका’ म्हणजे नीतिमत्ता अथवा योग्य वर्तन. उत्तरकालीन हिब्रूत याच शब्दाला दानधर्म असा अर्थ आला. म्हणजे गरिबाला देणे ही कृपा नसून त्याचे देणे फेडणे होय, ही जाणीव शब्दातच मुरलेली आहे. ‘हेसेद’ म्हणजे करारातील निष्ठेतून येणारा जिव्हाळा. मराठी भाषांतरांत त्यासाठी बहुधा ‘दया’ हा शब्द येतो. ‘रहमीम’ हा करुणावाचक शब्द गर्भाशयवाचक शब्दाशी संबद्ध असून आईच्या पोटमायेची छटा त्यात आहे. अरबीतील ‘रहम’ त्याच्याच कुळातील होय. निजामी अमलामुळे उर्दूशी निकटचा संबंध आलेल्या मराठवाड्यात तो शब्द लोकांच्या कानावरचा आहे.

मराठीत ‘न्याय’ या शब्दाने प्रथम न्यायालय आणि शिक्षा यांचे चित्र उभे राहते, तर ‘दया’ या शब्दाने श्रेष्ठाने कनिष्ठावर केलेल्या उपकाराचे. त्यामुळे हिब्रूत एकमेकांजवळ असलेले शब्द मराठीत दूर जातात. राजेशाहीपूर्व काळातील लोकनेत्यांना हिब्रूत जी संज्ञा आहे, तिच्यात निवाडा करणारा आणि संकटातून सोडविणारा हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी बायबलमध्ये त्यांना ‘शास्ते’ म्हटले आहे आणि या शब्दात शासनाचा, दंडाचा भार अधिक आहे. याउलट ‘करार’ हा व्यवहारातील शब्द योजण्यात भाषांतरकारांनी मोठे औचित्य दाखविले. करार दोन्ही पक्षांना बांधतो. तो मोडल्याची फिर्याद करता येते आणि तो नव्याने लिहिताही येतो. संदेष्ट्यांची सर्व विचारसरणी याच कल्पनेवर उभी आहे.

आठव्या शतकातील संदेष्टे : आमोस हा यहूदातील तकोवा गावचा मेंढपाळ व उंबरांच्या झाडांची निगा राखणारा मनुष्य. दुसऱ्या यराबामाच्या समृद्ध कारकीर्दीत तो उत्तरेकडील राज्यात जाऊन बोलू लागला. प्रथम त्याने दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन आणि मवाब या शेजाऱ्यांच्या क्रूरकर्मांचा पाढा वाचला. श्रोते सुखावत असतानाच वर्तुळ आवळत त्याने यहूदावर आणि शेवटी खुद्द इस्राएलवर तोच ठपका ठेवला. शेजाऱ्यांचा अपराध युद्धातील अत्याचारांचा होता; इस्राएलचा अपराध बाजारातला होता. किरकोळ कर्जापायी गरिबाला विकणे, माप लहान आणि वजन मोठे ठेवणे, निवाड्याच्या जागी लाच घेणे हे त्याचे आरोप आहेत. अशा समाजाचे उत्सव आणि स्तोत्रे ईश्वराला नकोशी होतात, असे त्याने बजाविले. बेथेलच्या राजमंदिराचा याजक अमस्या याने त्याला तेथून हाकलले.

आमोसाच्या ग्रंथात दया नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. त्यातील दृष्टान्तांची मालिका मात्र वेगळे सांगते. टोळधाड आणि वणवा ही पहिली दोन संकटे दिसताच आमोस लोकांसाठी रदबदली करतो आणि ईश्वर दोन्ही वेळा माघार घेतो. ओळंब्याच्या तिसऱ्या दृष्टान्तापासून संदेष्टा रदबदली करीत नाही. निवाडा ही दयेची अनुपस्थिती नव्हे. दयेला वारंवार संधी दिल्यानंतर येणारा तो शेवटचा टप्पा आहे, असा या रचनेचा अर्थ होतो. ग्रंथाच्या शेवटी येणारे पुनरुत्थानाचे आश्वासन मात्र अनेक संशोधकांच्या मते नंतरची भर आहे. ती भर घालणाऱ्यांना मूळचा कठोर शेवट असह्य झाला असावा. तरीही त्यांनी आधीचा एकही ठपका पुसला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे होय.

होशेयाने हाच संघर्ष ईश्वराच्या अंतःकरणात नेला. व्यभिचारी पत्नीशी झालेला आपला विवाह त्याने करारभंगाचे प्रतीक म्हणून मांडला आणि मुलीला दया न लाभलेली या अर्थाचे नाव दिले; पुढे तेच नाव उलटवून दया लाभलेली असे केले. अकराव्या अध्यायात ईश्वर चालायला शिकविणाऱ्या पालकाच्या भूमिकेत दिसतो. शिक्षेचा निर्णय होऊनही त्याचे मन आतल्या आत उलटते. येथे योजलेला क्रियाशब्द उत्पत्तीच्या ग्रंथात सदोम नगरीच्या उलथापालथीसाठी आलेला आहे. नगरीऐवजी ईश्वराचे हृदयच उलथते, हे या वाङ्मयातील अत्यंत धाडसी विधान होय. विसाव्या शतकात अब्राहम जोशुआ हेशेल (१९०७–७२) याने ‘द प्रॉफेट्स’ (१९६२) या ग्रंथात ईश्वराची ही भाववेदना हेच संदेष्ट्यांच्या प्रतिभेचे मर्म असल्याचे प्रतिपादन केले. क्रोध हा उदासीनतेच्या विरुद्ध आहे, प्रेमाच्या नव्हे, हा त्याच्या विवेचनाचा इत्यर्थ.

यशयाच्या द्राक्षमळ्याच्या गीतात न्यायाची अपेक्षा आणि प्रत्यक्षातील रक्तपात, नीतीची अपेक्षा आणि पीडितांचा आक्रोश, असे विरोध जवळजवळ समान उच्चाराच्या हिब्रू शब्दांतून साधले आहेत. हा श्लेष कोणत्याही भाषांतरात उतरत नाही. मीखाने न्यायाने वागणे, हेसेदवर प्रेम करणे व ईश्वरापुढे नम्रतेने चालणे या तीन गोष्टी एका सूत्रात गोवल्या. त्यात न्याय आणि दया हे पर्याय नसून एकाच आचरणाची दोन अंगे आहेत.

पतनकाळ आणि नंतर : यरुशलेमच्या विनाशाच्या पिढीपुढे प्रश्न बदलला. पूर्वजांच्या पापांची शिक्षा वंशजांनी का भोगावी, असे लोक विचारू लागले. निर्गम ग्रंथातील एका प्रसिद्ध सूत्रात ईश्वराची दया हजारो पिढ्यांपर्यंत, तर अपराधाचा झाडा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचतो असे सांगितले होते. यहेज्केलाने अठराव्या अध्यायात हा वारसा तोडला. प्रत्येकाचा निवाडा त्याच्या स्वतःच्या कृतीनुसार होईल आणि मागे फिरलेल्या दुष्टाच्या मरणात ईश्वराला आनंद नाही, असे त्याचे म्हणणे. यिर्मयाने हृदयावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराची कल्पना मांडली. यशयाच्या ग्रंथाचा चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग बंदिवासाच्या अखेरच्या काळातील असल्याचे सामान्यतः मानले जाते. त्यात क्षणभर झाकलेले ईश्वरमुख आणि त्यानंतरची अक्षय करुणा यांचे चित्र येते. दुसऱ्यांच्या अपराधांचा भार वाहणाऱ्या निरपराध सेवकाचे काव्यही याच भागात आहे. दुःख भोगणारा तो पापीच, हे सोपे समीकरण या काव्याने मोडले.

दयेच्या सर्वांत कठीण अंगाची चर्चा योनाच्या छोट्या ग्रंथात आहे. निनवे ही इस्राएलचा संहार करणाऱ्या अश्शूरी सत्तेची महानगरी. तिच्या नाशाची घोषणा करण्यास पाठविलेला योना उलट दिशेने पळतो, कारण ईश्वर शेवटी दया करील अशी त्याला भीती वाटते. नगरी उलटेल या त्याच्या घोषणेत होशेयाने योजलेलाच क्रियाशब्द आहे आणि ती खरोखरच उलटते. मात्र जमीनदोस्त न होता पश्चात्तापाने. नहूमाच्या ग्रंथात त्याच निनवेच्या पतनाचा जयघोष आहे. दोन्ही ग्रंथांत निर्गमातील त्याच सूत्राचा आधार घेतला आहे : योना त्यातील दयेचा भाग तक्रारीच्या सुरात उच्चारतो, नहूम दंडाचा भाग समाधानाने. संकलकांनी दोन्ही ग्रंथ बारांच्या मालिकेत ठेवले. प्रत्यक्षात निनवे इ. स. पू. ६१२ मध्ये पडली, त्यामुळे योनाच्या कथेचा वाचक त्या नगरीचा शेवट जाणून होता. ज्याने आपल्यावर अत्याचार केला त्याला क्षमा करणारा ईश्वर मान्य आहे काय, हा योनाचा प्रश्न ग्रंथ अनुत्तरित सोडतो. यहुदी परंपरेत प्रायश्चित्ताच्या महादिनी याच ग्रंथाचे वाचन होते.

ख्रिस्ती अर्थनिर्णय : नव्या करारात बाप्तिस्मा करणारा योहान निवाड्याच्या कुऱ्हाडीची भाषा बोलतो. येशूने मात्र नासरेथच्या सभास्थानात यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायाचे वाचन करताना कृपेच्या वर्षापाशी थांबून पुढील सूडाच्या दिवसाचा उल्लेख वगळला, असे लूक नोंदवितो. तरीही निवाडा नाहीसा झाला नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या प्रसंगात भुकेल्याला अन्न दिले की नाही, हीच कसोटी आहे. म्हणजे तेथे दया हाच न्यायाचा निकष बनतो. दुसऱ्या शतकात मार्सियन याने जुन्या कराराचा न्यायी देव आणि येशूचा दयाळू पिता हे दोन वेगळे देव असल्याचे मत मांडले. चर्चने ते पाखंड ठरविले. जुना करार म्हणजे दंड आणि नवा करार म्हणजे प्रेम, ही समजूत मात्र लोकप्रिय प्रवचनांतून टिकून राहिली. होशेय आणि योना यांचे ग्रंथ एका बाजूला आणि प्रकटीकरणाचा ग्रंथ दुसऱ्या बाजूला ठेवले, की ही विभागणी टिकत नाही.

मराठीतील आविष्कार : मराठीत या विषयाची पहिली मोठी मांडणी फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या क्रिस्तपुराणात (१६१६) आढळते. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या करारातील इतिहास ओवीबद्ध झाला आहे. तेथे संदेष्ट्यांचे महत्त्व मुख्यतः तारणाऱ्याच्या आगमनाचे सूचक म्हणून आहे. आमोसासारख्याच्या समाजटीकेला त्या योजनेत फारसा वाव नव्हता. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याची छपाई झाली. निराधार स्त्रियांना आश्रय देणे आणि त्यांच्या हाती संदेष्ट्यांचे शब्द देणे, या त्यांच्या दोन कार्यांत न्याय व दया यांचे ऐक्य प्रत्यक्ष दिसते. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या अभंगांत वारकरी परंपरेची करुणा येशूच्या ठायी एकवटली. काव्याच्या दृष्टीने तो मोठा लाभ होय. त्या गोडव्यात संदेष्ट्यांचा खडा सूर मात्र मागे पडला.

मराठीभाषक बेने इस्राएल समाजाचे उदाहरण उद्बोधक आहे. राजग्रंथांतील एलिया हा अवर्षणाचा आणि अग्नीचा संदेष्टा. परंतु या समाजात ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणून नवस आणि मलिदा यांच्या विधीत त्याचे स्मरण होते ते संकटी धावून येणारा म्हणून. अलिबागजवळील खंडाळे येथे त्याच्या रथाची खूण असल्याचे परंपरा मानते. मलाखीच्या अखेरीस भयंकर दिवसापूर्वी येऊन पितापुत्रांची मने एकमेकांकडे वळविणारा एलिया आहेच. कोकणातील भाविकांनी त्याचे हे रूप जवळ केले.

नामदेव आणि औंढा : संदेष्टेवाङ्मयाशी तुलना करण्यास सर्वांत योग्य मराठी प्रसंग हिंगोली जिल्ह्यातील (स्थापना १९९९) आहे. संत नामदेव (१२७०–१३५०) यांचे जन्मस्थान हिंगोलीनजीकचे नरसी होय, असे मानणारी परंपरा प्रबळ आहे. काहींच्या मते ते पंढरपूर होय. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ या ज्योतिर्लिंगक्षेत्री विसोबा खेचरांची व त्यांची भेट झाल्याचे सांगितले जाते. जातीने शिंपी असलेल्या नामदेवांना कीर्तनास मज्जाव झाला, ते देवळामागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आहे. देवळातून बाहेर काढले जाणे आणि देऊळ फिरणे हा प्रसंग गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या पदांतही आला आहे; तेथे क्षेत्राचे नाव नाही, परंपरा तो औंढ्याशी जोडते.

बेथेल आणि औंढा या दोन प्रसंगांतील साम्य लक्षणीय आहे. दोन्हीकडे श्रम करून जगणारा मनुष्य, प्रतिष्ठित देवस्थान आणि त्याला बाहेर काढणारा अधिकारी वर्ग आहे. दोन्हीकडे ईश्वर बाहेर काढलेल्याच्या बाजूस उभा राहतो. परंतु आमोस देवस्थानाच्या नाशाची घोषणा करतो, तर नामदेवांच्या कथेत देवस्थान केवळ दिशा बदलते. कोणाचाही नाश होत नाही. हाकलणाऱ्यांकडे पाठ होते, एवढाच त्यांचा दंड. निवाडा आणि करुणा एकाच हालचालीत साधणारे हे रूपक होशेयाच्या उलटलेल्या हृदयाला जवळचे आहे. दुसरा भेद भाषेचा आहे. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत बहुधा ईश्वर फिर्यादी असतो आणि लोक आरोपी. नामदेवांच्या अभंगांत भक्तच देवावर रुसतो, त्याच्या ब्रीदाची आठवण देऊन त्याच्याशी भांडतो. यिर्मयाचे विलाप आणि हबक्कूकाचे प्रश्न एवढाच संदेष्टेवाङ्मयाचा भाग या भूमिकेच्या जवळ येतो.

या तुलनेतून संतपरंपरेविषयीही एक प्रश्न निघतो. औंढ्याचे देऊळ एका भक्तासाठी फिरले. पण नामदेवांचे समकालीन चोखामेळा पंढरपूरच्या देवळाबाहेरच राहिले आणि त्यांच्या समाजाला ते दार साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणानंतर उघडले. मधल्या सहा शतकांत देवाच्या दयेची गाणी त्याच दारापुढे चालू होती. दया व्यक्तीला सावरते, परंतु व्यवस्थेचा झाडा घेतला नाही तर दार बंदच राहते, ही आमोसाची शिकवण येथे लागू पडते. मात्र ख्रिस्ती समाजालाही हा निकष चुकत नाही. महाराष्ट्रातील चर्चमध्येही जातिभेद पुरता नष्ट झाला नाही.

आपत्ती आणि शिक्षा : न्यायाच्या भाषेत एक धोका आहे. प्रत्येक दुष्काळ, साथ वा भूकंप ही पापाची शिक्षा ठरविण्याचा मोह तीतून निर्माण होतो. १९३४ च्या बिहार भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथ टागोरांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. संदेष्ट्यांनी टोळधाड आणि अवर्षण यांचा संबंध लोकांच्या वर्तनाशी जोडला, हे खरे. परंतु यहेज्केलाचा अठरावा अध्याय, निरपराध सेवकाचे काव्य आणि शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले लोक इतरांहून अधिक पापी नव्हते हे येशूचे उत्तर, यांतून त्याच परंपरेने हा मोह आवरला आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा अनुभव असलेल्या प्रदेशातील वाचकाला या भेदाचे मोल वेगळे सांगावयास नको. संदेष्ट्यांचा रोख बलवानांवर होता. तीच भाषा पीडितांकडे वळविली, की तिचा विपर्यास होतो.

मूल्यमापन : संदेष्टेवाङ्मयात न्याय आणि दया यांचा सिद्धान्तरूप समन्वय नाही. वेगवेगळ्या काळांतील आवाज त्यात शेजारी शेजारी आहेत आणि ते परस्परांना खोडून न काढता अपुरे ठरवितात. नहूमाचा आनंद योनाशेजारी वाचावा लागतो आणि आमोसाचा कठोर शेवट त्याला जोडलेल्या आश्वासनासह. न्यायाविना दया ही अन्याय्य व्यवस्थेची सोय बनते, तर दयेविना न्याय हा जेत्याचा सूड ठरतो. या दोन्ही टोकांपासून दूर राहण्याची कसरत हेच या वाङ्मयाचे वैशिष्ट्य होय. मराठी ख्रिस्ती साहित्याने त्यातील करुणेचा वारसा संतकवितेच्या साहाय्याने आत्मसात केला. आमोसाच्या बाजारपेठेतील ठपक्याला तेवढ्याच सामर्थ्याची मराठी काव्यवाणी त्या साहित्यात लाभली नाही, ही त्यातील उणीव होय.